टँक
टँक : जलाशय किंवा द्रव साठविण्याचे पात्र या अर्थाचा इंग्रजी शब्द. इंग्लंडमध्ये तो मुख्यतः बंदिस्त पात्रास, तर भारतातील इंग्रजीत सिंचनाच्या तलावासही लावतात. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध येथील सु. ११ चौ. किमी. विस्ताराचा जलाशय या दुसऱ्या अर्थाने ‘टँक’ होय. या अर्थभेदाचे मूळ शब्दाच्या इतिहासात सापडते.

सतराव्या शतकात भारतात आलेल्या इंग्रज प्रवाशांच्या व व्यापाऱ्यांच्या लेखनातून हा शब्द इंग्रजीत रुळला. त्याच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो पोर्तुगीज ‘तांक’ या शब्दावरून आला. ‘साचलेले पाणी’ या अर्थाचा लॅटिन ‘स्टाग्नुम’ हा त्याचा पूर्वज मानतात. फ्रेंच ‘एतां’, इटालियन ‘स्तान्यो’ (तळे) व इंग्रजी ‘स्टॅग्नंट’ (साचलेला) हे शब्दही त्यापासूनच निघाले. काही अभ्यासक मात्र ‘तांक’चा संबंध ‘एस्तांकार’ (प्रवाह अडविणे) या क्रियापदाशी जोडतात.

दुसऱ्या मतानुसार मराठी ‘टाके’, गुजराती ‘टांकुं’ हे शब्द मूळ होत. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांप्रमाणे टाके खडकात खोदलेले असते. म्हणून त्याचा संबंध संस्कृत ‘टंक’ (छिन्नी) या शब्दाशी लावतात. तथापि स्पॅनिशमध्येही ‘एस्तांके’ हा शब्द असल्याने पोर्तुगीज शब्द भारतातून गेला, असे मानणे कठीण आहे. स्वतंत्र उगमाचे दोन समानध्वनी शब्द पश्चिम किनाऱ्यावर एकत्र आले आणि इंग्रजी शब्दास दोहोंचा आधार मिळाला, ही उपपत्ती अधिक संभाव्य वाटते. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशातही या प्रश्नाची चर्चा आहे.

पहिल्या महायुद्धात नव्या चिलखती वाहनाची गुप्तता राखण्यासाठी ती पाण्याची टाकी असल्याचे भासविण्यात आले. त्यामुळे १९१६ मध्ये प्रथम रणांगणावर आलेल्या या वाहनासही ‘टँक’ हेच नाव राहिले. मराठीत त्यास रणगाडा म्हणतात.

नवेगावचा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडी बांधांनी अडवून निर्माण केला, असे मानतात. तो छिन्नीने खोदलेला नाही. त्यामुळे ‘टाके’ हे नाव त्यास लागू पडत नाही. स्थानिक लोकांनी ‘बांध’ या शब्दात पाणी अडविण्याची क्रियाच नोंदविली आहे. ‘एस्तांकार’चा अर्थही तोच होय. मात्र अर्थाचे असे साम्य हा शब्दांच्या नात्याचा पुरावा ठरत नाही, तसेच केवळ ध्वनिसाम्यही नाही.