पाड्यावर गेलेली शाळा

आदिवासी मुले शाळेत टिकत नाहीत, याचे खापर आजही पालकांच्या अनास्थेवर फोडले जाते. १९४५ पासून १९९२ मध्ये निधन होईपर्यंत बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघ यांनी केलेले काम पाहिले की हे निदान टिकत नाही. ज्येष्ठ सहकारी ताराबाई मोडक यांच्यासोबत त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेला. मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा शिक्षिका वस्तीत गेल्या आणि अंगणातच वर्ग भरू लागला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडांना सांभाळायचे म्हणून मुली घरी राहत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ‘विकासवाडी’त एकत्र आली. अडचण इच्छेची नव्हती. घरच्या कामांशी मेळ न खाणाऱ्या शाळेची होती, आणि शाळा बदलताच ती बरीच सुटली.

यावर पहिला आक्षेप असा, की वेठबिगारीने पिचलेल्या या भागातल्या वारली आदिवासींना गाणी-गोष्टींचा काय उपयोग? त्याच १९४५ मध्ये, त्याच मुलखात, गोदावरी परुळेकर वारल्यांच्या लढ्यात उतरल्या होत्या. वेठ त्या लढ्याने मोडली, बालवाडीने नव्हे, हे मान्यच करायला हवे. पण मिळालेला हक्क पुढच्या पिढीला राखता यायचा तर कागद वाचता आला पाहिजे. ही दोन कामे एकमेकांना पर्याय नव्हती. दुसरा आक्षेप शिकवण्यासाठी वापरलेल्या बिया, शिंपले, दगड अशा साधनांवर: गरिबांना स्वस्तातले शिक्षण का? मात्र येथे स्वस्त झाली ती केवळ साधने. मुलाने स्वतः हाताळून शिकावे, हे माँटेसरी पद्धतीचे मूळ तत्त्व कायम राहिले आणि महागड्या साधनपेट्यांवाचून ते पाड्यावर पोचले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सरकारी योजनेत या प्रयोगाचा गाभा टिकला नाही. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, त्यानंतर अनुताईंनी काम पुढे नेले. १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणातल्या वर्गाची ही कल्पना अंगणवाडीच्या रूपात देशभर नेली, पण तिथे आहार आणि नोंदवह्या पुढे आल्या, शिकवणे मागे पडले. मग प्रयोग फसला का? कोसबाडला वेळापत्रक मुलांच्या दिवसाप्रमाणे बदलत होते, योजनेत मुलांनी ठरावीक चौकटीत बसायचे असते. अंगण उचलले गेले, लवचीकपणा मागे राहिला. म्हणून अनुताईंचा वारसा अंगणवाड्यांच्या संख्येने मोजू नये. मूल गैरहजर राहिले की आधी शाळेने स्वतःची झडती घ्यावी, हा त्यांचा आग्रह शिक्षण खात्याने अजून पुरता स्वीकारलेला नाही.