जुन्या जीपचा डॅशबोर्ड बदलताना

विलीज जीपची जुळणी महिंद्राने १९४०च्या दशकाअखेर मुंबईत सुरू केली. या घराण्यातल्या जुन्या जीपच्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर वेग, इंधन, पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब आणि विद्युतप्रवाह दाखवणारे काटे असतात. नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे तापमानाचा काटा नजरेसमोर असावा, हे सर्वांत महत्त्वाचे.

मीटर बदलताना खरी चूक होते ती सेन्सरच्या बाबतीत. टाकीतला तरंगता फ्लोट वरखाली होताना रोध बदलतो आणि त्यानुसार काटा हलतो. नवा मीटर त्या रोधाशी जुळणारा नसेल, तर भरलेली टाकीही अर्धी दिसते. म्हणून मीटर आणि सेन्सर जोडीनेच घ्यावेत.

जुन्या ॲमीटरमधून चार्जिंगचा जवळपास सगळा प्रवाह जातो. सैल जोड तापून वायर जळण्याचा धोका असतो, म्हणून त्याऐवजी व्होल्टमीटर बसवणे अधिक सुरक्षित. मात्र त्या वेळी ॲमीटरच्या दोन्ही जाड वायरी एकमेकींना पक्क्या जोडून इन्सुलेट कराव्या लागतात.

स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून येणाऱ्या केबलवर फिरतो. टायरचा आकार बदलला की त्याचे आकडे चुकतात.