आपणच ठेकेदार : प्लेटा कधी सोडायच्या?

आज बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो. कोरेगाव भीमाच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि त्यांचा स्लॅब काही माझ्या लेखासाठी थांबणार नाही. सणसवाडीच्या कंपन्यांतल्या कामगारांना भाड्याने द्यायला ते गच्चीवर दोन खोल्या काढताहेत. मधे ठेकेदार नाही. गवंडी, फिटर, सेंट्रिंगवाला, सगळे स्वतःच ठरवलेत. सेंट्रिंगवाला आत्ताच म्हणतोय, ''सातव्या दिवशी सगळं खोलू, मला पेरणे फाट्याला दुसरा स्लॅब लावायचाय.'' खोलू द्यावं का?

माणूस खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. काँक्रीटच्या कामाचं आपल्याकडचं प्रमाण म्हणजे आयएस 456. त्यात साडेचार मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण पावणेपंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याला स्लॅबखालचे टेकू 7 दिवसांनी काढायची मुभा आहे. दहा बाय बाराची खोली त्यात आरामात बसते. पण त्याच तक्त्यात खाली बीम आहेत : 6 मीटरपर्यंत 14 दिवस, त्यापुढे 21. वरची ओळ सगळ्यांना पाठ असते, खालची कुणालाच नाही.

बरं, हे दिवसही साध्या ओपीसी सिमेंटचे, आणि हवा 15 अंशांच्या खाली जात नसेल तरचे. गोणीवर काय छापलंय ते बघा. बहुतेक दुकानांत पीपीसी मिळते आणि ती ताकद सावकाश धरते. डिसेंबरातल्या भीमाकाठच्या पहाटेबद्दल कोरेगावकरांना मी काय सांगायचं! अशा वेळी दिवस वाढवायचे. किती, ते इंजिनियरने सांगायचं. सेंट्रिंगवाल्याने नाही, आणि मीही नाही. छज्जा किंवा बाल्कनी असेल तर टेकू बाहेरच्या कडेपासून भिंतीकडे काढत यायचे, उलट नाही.

सेंट्रिंगवाल्याला घाई का, हेही समजून घ्या. तो चौरस फुटावर पैसे घेतो. तुमच्या स्लॅबखाली अडकलेली प्लेट त्याच्यासाठी बुडालेली मजुरी असते. मोठा ठेकेदार त्याला दुसरं काम दाखवून गप्प करतो. आपल्याकडे दाखवायला दुसरं काम नसतं. मग पैसे दाखवायचे. ठरवतानाच कागदावर लिहून घ्यावं : बीमखालचे जॅक इतके दिवस हलणार नाहीत, जादा दिवसांचं भाडं वेगळं मिळेल, शेवटचा हप्ता इंजिनियर हो म्हणाल्यावर. हजार-दोन हजारांसाठी इथे घासाघीस करणाऱ्याने ठेकेदारी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वाचकांनी न विचारलेला प्रश्न, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. नव्या स्लॅबचे टेकू उभे कशावर राहणार? जुन्या स्लॅबवर. पाच इंची ओल्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतं. वर प्लेटा, सळई, घमेली घेऊन धावणारी माणसं. राहत्या खोलीची जमीन मात्र प्रमाणाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापराचा भार धरून काढलेली असते आणि वापरती गच्ची तर दीडशेच. म्हणजे स्लॅब भरण्याच्या दिवशी तुमची जुनी गच्ची नेमल्यापेक्षा दुप्पट ओझं अंगावर घेते. जुन्या घराच्या तुळया तडकल्या की दोष नव्या खोलीवर जातो. पुष्कळदा खरा दोष त्या एका दिवसाचा असतो.

यावर उपाय सोपा, पण घरात भांडण लावणारा. वर जिथे जॅक, बरोबर त्याच रेषेत खालच्या हॉलमध्ये जॅक लावायचे आणि वरचे निघेपर्यंत तसेच ठेवायचे. टीव्हीसमोर लोखंडी खांब, सोफा ओसरीत, पाहुण्यांना 'नंतर या'. खालची जमीन फरशीची असेल तर जॅकखाली फळी सरकवा, नाहीतर फरशी फुटेल. आणि हे जॅक सेंट्रिंगच्या दरात धरलेत का, ते आधीच विचारा. सहसा धरलेले नसतात.

पाण्याचं थोडक्यात. ओपीसीला किमान 7 दिवस, पीपीसीला 10, कडक उन्हात 14 दिवसांपर्यंत स्लॅब ओला राहिला पाहिजे. आळी करून पाणी साठवा. पाइप धरून शिंपडणं म्हणजे क्युरिंग नव्हे. बोअरचं पाणी खारट लागत असेल तर तपासून घेतल्याशिवाय काँक्रीटमध्ये घालू नका. सळईच्या कामाला क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

शेवटी तारखेचं. पत्रात 'वर्षअखेर स्लॅब' असं लिहिलंय. 1 जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाला लाखो लोक येतात आणि पुणे–नगर रस्त्यावरची जड वाहनं दरवर्षी दुसरीकडे वळवतात. रेडीमिक्सचा माल भरल्यापासून दोन तासांत उतरला पाहिजे. वळसा घालून आलेली गाडी परत पाठवायची हिंमत त्या वेळी कुणाला होत नाही. तेव्हा 30, 31 किंवा 1 यांपैकी तारीख धरली असेल, तर आजच बदला आणि सेंट्रिंगवाल्यालाही कळवा.