सात शहरांची यादी आणि अम्मींचे गुडघे

परदेशात पहिल्यांदाच तीन-चार शहरे फिरायला निघालेल्या कुटुंबाची पहिली यादी नेहमीच लांब असते. आमचीही होती. २०१९ च्या उन्हाळ्यात, रत्नागिरीच्या घरी, रात्रीचा दस्तरखान उचलला की आम्ही उझबेकिस्तानचा नकाशा पसरून बसायचो. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, तिरमिझ, अंदिजान, शहरिसब्ज. बाबर अंदिजानचा, तैमूर शहरिसब्जच्या बाजूचा, इमाम तिरमिझी तिरमिझचे. खोडायचे तरी कोणते नाव? सात शहरे, आठ दिवस.

या सफरीचे मूळ कारण होते अब्बा. रोज इशानंतर ते सहीह बुखारीचा उर्दू तर्जुमा वाचत आणि अम्मींना म्हणत, "एकदा इमामसाहेबांच्या मुलखात जाऊन येऊ." दोघांचा उमरा झाला, पण ही गोष्ट राहून गेली. २०१७ साली अब्बा अल्लाहच्या रहमतीत गेले. म्हणून आम्ही अम्मींना घेऊन निघणार होतो.

यादी पाहून अम्मी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही फिरा. मी हॉटेलात तसबीह घेऊन बसेन." त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. जिच्यासाठी जायचे तीच खोलीत बसणार असेल, तर ही सफर कोणाची? आम्ही तो कागद फाडला आणि नव्याने सुरुवात केली.

या वेळी घरात जो सर्वांत हळू चालतो त्याच्यापासून हिशेब मांडला. शहर बदलायचे म्हणजे सामान बांधणे, स्टेशन, गाडी, नवे हॉटेल; अर्धा दिवस त्यातच जातो. म्हणून मुख्य शहरात किमान दोन रात्री, आणि पूर्ण सफरीत एक दिवस रिकामा, असे ठरले. या मापाने सातपैकी तीनच शहरे उरली: ताश्कंद, बुखारा, समरकंद.

मग एक मोठी चूक लक्षात आली. इमाम बुखारी म्हणजे बुखारा, असे आम्ही धरून चाललो होतो. त्यांचा जन्म बुखाऱ्याचा, सन ८१० चा, हे खरे. पण अखेरच्या काळात त्यांना ते शहर सोडावे लागले. ८७० साली समरकंदजवळच्या खरतंग गावी त्यांचा इंतकाल झाला आणि कबरही तिथेच आहे. वेळेवर कळले नसते, तर समरकंदला एकच रात्र ठेवून आम्ही पुढे गेलो असतो. तिकीट काढण्याआधी आपल्याला जिथे पोचायचे ती जागा नेमकी कुठे आहे, हे नकाशावर बोट ठेवून पाहावे.

क्रमही बदलला. विमान ताश्कंदला उतरते आणि तिथूनच परतते. म्हणून अंगात जोर असताना आधी लांबचे बुखारा, मग समरकंद, शेवटी ताश्कंद. शेवटची रात्र विमानतळाच्या शहरात असली की मनाला घोर राहत नाही.

खिवा मात्र सुटले. बुखाऱ्यापासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, वाळवंटातून जाणारा रस्ता. आमची नववीतली लेक दोन दिवस बोलली नाही. बीजगणिताला ज्यांच्या किताबावरून 'अल्जेब्रा' हे नाव मिळाले, त्या अल-ख्वारिझ्मींचा मुलूख तिला पाहायचा होता. तिची बाजू खोटी नव्हती. अम्मी तिला म्हणाल्या, "तुझे खिवा माझ्यावर उधार."

बाकी तयारी सोपी होती. व्हिसा ऑनलाइन, त्या वर्षी माणशी वीस डॉलर. हॉटेलवाले मुक्कामाची नोंद करून चिठ्ठी देत, ती जपायची. काही वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांवर तिथे कडक निर्बंध आहेत, म्हणून अम्मींची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटातच नेली. उन्हाळ्यात पारा चाळीसवर जातो, म्हणून ऑक्टोबर निवडला. एका डॉलरला नऊ हजारांहून अधिक सोम मिळत. शून्ये मोजायची सवय आधी घरीच केली. मुलूख मुसलमानांचा असला तरी खाणे विचारूनच घ्यावे. पुलावावर कधी घोड्याचे मांस असते. त्यांच्या भाषेत घोडा म्हणजे 'ओत', एवढा शब्द पाठ केला. किब्ला तिथे नैऋत्येला येतो. आम्ही शाफई, कुठेच चार दिवस थांबायचे नसल्याने कस्रची सवलत राहील, हे मौलानांना विचारून घेतले.

तरी एक चूक झालीच. अफ्रासियाब या वेगवान गाडीची तिकिटे लवकर संपतात हे माहीत असून आम्ही बुखारा ते समरकंदच्या तिकिटांना उशीर केला. साध्या गाडीत बसावे लागले. वेळ जास्त लागला, पण अम्मींना पाय पसरता आले. समोरच्या आजींनी रोटी पुढे केली, "नॉन." मग "चॉय." लेकीने वही दाखवली, तर त्या म्हणाल्या, "किताब?" अम्मी हसल्या. बुखाऱ्याच्या मिनाराखालीही त्या इतक्या मोकळ्या हसल्या नव्हत्या.

समरकंदला पहिल्या दिवशी रेगिस्तानचे तीन मदरसे पाहिले आणि हट्टाने शाह-ए-झिंदाच्या पायऱ्याही चढलो. रात्री अम्मींचा उजवा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी खरतंगला जायचे होते, उठवत नव्हते. पण तिसरा दिवस रिकामा होता. आम्ही दिवसभर खोलीत राहिलो, गुडघा शेकला, आळीपाळीने चहा आणला. पहिल्या यादीप्रमाणे त्या वेळी आम्ही चौथ्या शहराच्या गाडीत असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने गेलो. अम्मींनी फातिहा पढली, मग अंगणातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिल्या. आम्ही घड्याळ पाहिले नाही. पुढे कुठे पोचायचे नव्हते. उठताना त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्या अब्बांना आवडले असते."

घरी आल्यावर अम्मींनी बिस्किटांचा रिकामा डबा धुऊन वाळवला आणि त्यात पहिली पाचशेची नोट टाकली. डब्यावर लेकीच्या अक्षरात लिहिले आहे: खिवा. इन्शाअल्लाह, त्या यादीत दोनच शहरे असतील.