कळा सोसाव्या कीं शस्त्र पत्करावें?

गेल्या वर्षीं आमच्या सूनबाईचें पहिलें बाळंतपण होतें. सातव्या महिन्यांतच ती म्हणाली, "बाबा, मी सिझेरियनच करून घेणार." मला तें रुचलें नाहीं. माझ्या आईचीं सर्व बाळंतपणें महालांतील घराच्या माजघरांत सुइणीच्या हातून झालीं, हें मी तिला ऐकविलें. "आणि त्यांतलीं मुलें जगलीं किती?" तिनें विचारलें. पांचांतून तीन. मी गप्प बसलों.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील शेंकडा २५.४ प्रसूति शस्त्रक्रियेनें झाल्याचें आढळलें. भारतभर पाहतां सरकारी रुग्णालयांत हें प्रमाण शेंकडा १४.३, तर खासगी रुग्णालयांत ४७.४! म्हणजे आमच्या नागपुरांत आपण सरकारी डागा रुग्णालयाची पायरी चढतों कीं धंतोलींतील एखाद्या खासगी प्रसूतिगृहाची, यालाही महत्त्व आलें.

पैसा हें कारण आहेच, परंतु तें एकटें नव्हे. लहान प्रसूतिगृहांत डॉक्टर एकच. भूल देणारा बाहेरून बोलवावा लागतो, आणि तो मध्यरात्रीं मिळेलच असें नाहीं. पहिलटकरणीजवळ बारा-बारा तास थांबावें लागतें. शस्त्रक्रिया तासाभरांत आटोपते. शिवाय १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वैद्यकीय सेवा ग्राहक-कायद्याच्या कक्षेंत आणली. शस्त्र उशिरां चालविलें म्हणून डॉक्टरला जाब विचारला जातो. लौकर चालविलें म्हणून क्वचितच.

स्त्रियांना आपण उगाच नाजूक म्हणतों. कळा बधिर करणारी पाठींतील सुई आपल्याकडे थोड्याच ठिकाणीं मिळते. प्रसूतीच्या खोलींत बहुधा आप्तांना मज्जाव, आणि ओरडलें तर दटावणी! त्यापेक्षां शस्त्र बरें, असें एखादीला वाटलें तर नवल काय? मुहूर्ताचा हट्ट तर अनेकदां आम्हां वडीलधाऱ्यांचाच असतो.

मात्र शस्त्रक्रियेचा व्रण गर्भाशयावर कायम राहतो. पुढच्या खेपेस वार त्या व्रणांत रुतून भयंकर रक्तस्राव होऊं शकतो, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक तो धोका वाढतो. दुसरें मूल हवें असणाऱ्या स्त्रीला हें आधींच कळावयास हवें.

आमच्या सूनबाईला डॉक्टरीणबाईंनीं तें समजावून सांगितलें, आणि कळांच्या वेळीं आईला जवळ बसूं देण्याचें कबूल केलें. मग ती कळा सोसण्यास तयार झाली. शेवटीं सिझेरियन झालेंच. पण चौदा तासांनंतर, बाळाचे ठोके मंदावले म्हणून. मुहूर्त पाहण्याचें त्या वेळीं कोणालाच सुचलें नाहीं.