बारवी खोऱ्यातील गावजीवन आणि मालमत्तेची नोंद

उल्हास नदीला मिळणाऱ्या बारवी नदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये धरण बांधले. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, बदलापूरच्या पूर्वेस असलेल्या या जलाशयाचे पाणी नदीपात्रातून खाली सोडले जाते. जांभूळ येथे ते उचलून शुद्ध केले जाते आणि अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली व ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योगांना तसेच उल्हासनगरसारख्या शहरांना पुरविले जाते. मागणी वाढत गेली तशी धरणाची उंचीही टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. तिसऱ्या टप्प्यात पाण्याची पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर गेली. ही पातळी २०१९ च्या पावसाळ्यात प्रत्यक्षात आली आणि तोंडली, काचकोली, कोळेवडखळ, मोहघर या परिसरातील शेते व घरे पाण्याने वेढली गेली. चार मीटर हा आकडा अभियंत्याच्या आराखड्यात किरकोळ वाटतो. खोऱ्याच्या सपाट तळाशी भातखाचरे असतात आणि चार मीटर पाणी प्रथम तेथेच पसरते.

अशा गावातील माणसाची मालमत्ता म्हणजे नेमके काय, आणि शासकीय दप्तर त्यातील किती भाग पाहू शकते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. भरपाई दप्तरात दिसणाऱ्या मालमत्तेची मिळते. न दिसणाऱ्या मालमत्तेची मिळत नाही.

खाचर आणि वरकस

मुरबाडच्या खोऱ्यांतील शेती दोन प्रकारच्या जमिनींवर उभी असते. खाली बांध घातलेली भाताची खाचरे आणि वर उतारावरची वरकस जमीन. वरकसावर नागली, वरी यांसारखी पिके घेतली जातात. परंतु तिचा खरा उपयोग भाताच्या रोपासाठी होतो. उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडून आणतात. शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून त्यावर माती टाकतात आणि तो राब भाजतात. भाजलेल्या जमिनीत तण कमी उगवते, राखेचे खत मिळते आणि पहिल्या पावसात पेरलेले बी जोमाने वर येते. पुढे त्याच रोपांची खाचरात आवणी होते. म्हणजे खाचराचे पीक वरकसावर आणि त्यापलीकडच्या रानावर अवलंबून असते. सातबाऱ्यावर मात्र हे दोन वेगळे गट असतात, वेगळ्या आकारणीचे, आणि त्यांच्यातील नाते कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते.

याखेरीज गुरचरण, ओढ्याकाठची झाडे, पहिल्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे मासे, शेवळांसारख्या रानभाज्या, मोहाची फुले, सरपण ही मिळकत असते. रानभाजीचे वाटे घेऊन शहराच्या बाजारात बसणाऱ्या बायकांच्या हाती येणारा पैसा हा अनेक घरांत पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा एकमेव रोख पैसा असतो. या उत्पन्नाला मालक नाही, म्हणून त्याला किंमतही नाही, असा दप्तराचा हिशेब आहे.

नोंदीची मर्यादा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. व्यवहारात याचा अर्थ असा की ज्याची नोंद नाही त्याने आपला हक्क पुराव्यानिशी मांडावा. वारसनोंद न झाल्याने आजोबांच्याच नावावर राहिलेली जमीन, तोंडी वाटणीने कसली जाणारी जमीन, बहिणींची नावे गाळून केलेला फेरफार, हे सर्व गाव नांदते असताना चालून जाते. संपादनाची नोटीस येते तेव्हा मात्र सगळेच एकदम उघडे पडते.

घरांची स्थिती याहून नाजूक असते. गावठाणातील घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये त्याची नोंद होते, पण ती कर आकारणीची नोंद असून मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातील घरांना मिळकतपत्रिका देण्याची स्वामित्व योजना देशपातळीवर २०२० मध्ये सुरू झाली, म्हणजे बारवीचे पाणी वर चढल्यानंतर. कातकरी वाड्यांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणल्या गेलेल्या या समाजाच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आहेत. तेथे घर राहणाऱ्याचे आणि जमीन दुसऱ्याची. वनजमिनीवरील एकसाली कसणुकीलाही कायद्याचा आधार दीर्घकाळ नव्हता. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने अशा ताब्याचा दावा मांडण्याची वाट खुली केली.

किंमत कशाची?

१८९४ च्या भूसंपादन अधिनियमाचे सूत्र अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव हे होते. त्यावर सक्तीच्या संपादनाबद्दल १५ टक्के, आणि १९८४ च्या दुरुस्तीनंतर ३० टक्के रक्कम दिली जाई. दुर्गम खोऱ्यात जमिनीचे व्यवहारच विरळ होतात. जेथे खरेदीखतेच नाहीत तेथे बाजारभाव काढायचा कसा? न विकली जाणारी जमीन ही तिच्या मालकाला सर्वांत मोलाची असते. सूत्रानुसार मात्र ती सर्वांत स्वस्त ठरते. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्यामागेही जमिनीचा मोबदला पैशात होऊ शकत नाही हीच धारणा होती.

२०१३ च्या केंद्रीय अधिनियमाने बाधित कुटुंबाची व्याख्या विस्तृत केली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रावर उपजीविका असलेले शेतमजूर, कुळे, कारागीर, वननिवासी यांचा तीत समावेश झाला. विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रिया स्वतंत्र कुटुंब ठरल्या. कायद्याने येथे प्रथमच नोंदीऐवजी जगण्याकडे पाहिले, असे म्हणता येईल.

बारवीच्या बाबतीत शासनाने वेगळा मार्गही स्वीकारला. हजाराहून अधिक बाधित कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला औद्योगिक विकास महामंडळात किंवा बारवीचे पाणी घेणाऱ्या नगरपालिका-महानगरपालिकांत नोकरी देण्याचे ठरले. पाणी घेणाऱ्या शहरांनी खोऱ्याची जबाबदारी उचलावी, हे तत्त्व न्याय्य आहे आणि राज्यातील इतर धरणांच्या मानाने पुढचेही आहे. तथापि जमीन तीन भावांची असते आणि नोकरी एकाची. जमीन वारसाने पुढे जाते. नोकरी निवृत्तीच्या दिवशी संपते. दीर्घकाळ चाललेल्या प्रकल्पात पहिल्या टप्प्यावेळचे एक कुटुंब शेवटच्या टप्प्यापर्यंत चार चुलींत विभागलेले असते, आणि मग 'कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येवर एका चुलीचे पुढचे आयुष्य ठरते.

पाण्याच्या रेषेच्या वर उरणाऱ्या जमिनीचा प्रश्न याहून कमी चर्चिला गेला आहे. खाचर बुडाले आणि वरकस कोरडे राहिले, तर बुडालेल्या गटाचाच मोबदला मिळतो. जमिनीचा एक भाग घेतल्याने उरलेल्या भागाचे होणारे नुकसान मोजण्याची तरतूद १८९४ च्या अधिनियमाच्या कलम २३ मध्ये होती. परंतु त्यासाठी वरकसाचा खाचराशी असलेला संबंध कोणीतरी सिद्ध करावा लागतो, आणि राबाची नोंद कोणत्याही गाव नमुन्यात होत नाही. उतारावरचा ऐन तसाच उभा राहतो; त्याच्या फांद्या तोडून ज्या रोपासाठी भाजायच्या, ते रोप लावायला खाली खाचर नसते.