निसर्गाच्या भूगोलाचे नियतकालिक

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांत कोयना आणि वेण्णा या दोन प्रमुख होत. उन्हाळ्यात त्यांचा प्रवाह क्षीण होतो आणि ठिकठिकाणी डोह तेवढे शिल्लक राहतात. इ. स. १९११ च्या सुमारास मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शंकर पुरुषोत्तम आघारकर या तरुण अध्यापकास सातारा जिल्ह्यातील या नद्यांच्या पाण्यात एक चमत्कारिक प्राणी आढळला. छत्रीसारखा आकार, काचेसारखे पारदर्शक शरीर आणि कडेने लोंबणारे बारीक तंतू. तो जेलीफिश होता. जेलीफिश हा समुद्रातला प्राणी. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यापलीकडच्या गोड्या पाण्यात तो कोठून आला?

त्या गावच्या लोकांनी हा प्राणी पूर्वी पाहिला नसेल असे म्हणता येणार नाही. नदीवर रोज पाणी भरणाऱ्यांच्या दृष्टीस तो पडलाच असेल. परंतु पाहणे निराळे आणि नोंदणे निराळे. आघारकरांनी त्याचे नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन ॲनन्डेल या प्राणिशास्त्रज्ञाकडे पाठविले. ॲनन्डेल यांनी १९०७ साली त्या संग्रहालयाचे स्वतःचे शास्त्रीय नियतकालिक सुरू केले होते. त्यात या प्राण्याचे वर्णन छापले गेले आणि त्यास 'लिम्नोक्निडा इंडिका' असे नाव मिळाले. पुढे १९१२ साली संग्रहालयाचे ग्रेव्हली व स्वतः आघारकर यांनी त्याच्या सवयी व तो कोठे कोठे आढळतो याविषयी एक टिपण त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केले.

या टिपणाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे दूर, आफ्रिकेत जावे लागेल. तेथील टांगानिका सरोवरात १८८३ साली गोड्या पाण्यातील असाच एक जेलीफिश सापडला होता. त्या कुळातील प्राणी केवळ आफ्रिकेतच राहतात, अशी तोपर्यंत शास्त्रज्ञांची समजूत होती. आता त्यांचा एक भाऊबंद सह्याद्रीच्या कुशीत निघाला! मध्ये एवढा अरबी समुद्र असताना हे कसे घडले? भारत व आफ्रिका हे फार प्राचीन काळी एकाच भूखंडाचे भाग होते, हे आज सर्वमान्य आहे. त्या भूखंडास आपल्याच देशातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून 'गोंडवन' हे नाव पडले. हे प्राणी त्या जोडलेल्या भूमीचे वारस असतील, किंवा त्यांची सुप्तावस्थेतील सूक्ष्म रूपे पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून पुढे कधी आली असतील. कोणता तर्क खरा, हे ठरविण्यास आधी एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते; ती म्हणजे कोणता प्राणी नेमका कोठे राहतो आणि कोठे राहत नाही.

वनस्पती व प्राणी यांच्या स्थानांचा असा विचार करणाऱ्या शास्त्रास जीवभूगोल, म्हणजेच निसर्गाचा भूगोल, म्हणतात. हे शास्त्र कोणा एका पंडिताच्या अभ्यासिकेत तयार होत नाही. शेकडो माणसांनी शेकडो ठिकाणी केलेल्या लहान लहान नोंदी एकत्र आल्या म्हणजे त्याचा नकाशा भरू लागतो. म्हणूनच या शास्त्रास ग्रंथांइतकीच, किंबहुना अधिक, नियतकालिकांची गरज असते. ग्रंथ सिद्ध होण्यास वीस वर्षे लागली तरी चालतात. दोन पानांचे टिपण मात्र वेळीच छापले गेले नाही, तर ते वहीबरोबर वाळवीच्या मुखी पडते.

आघारकरांना ही गोष्ट पुढे अधिकच जवळून पाहावयास मिळाली. उच्च अध्ययनासाठी ते जर्मनीत गेले आणि तेथे असतानाच पहिले महायुद्ध पेटले. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांना काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. तथापि त्यांनी अभ्यास सोडला नाही. बर्लिनचे विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ आडोल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९१९ साली डॉक्टरेट मिळविली. विषय होता वायव्य भारतातील रुक्ष व खाऱ्या जमिनीवरील वनस्पतींचा प्रसार व उगम. याच एंग्लर यांनी १८८१ साली एक नियतकालिक सुरू केले होते आणि त्याच्या भल्या लांब नावातच 'वनस्पतिभूगोल' हा शब्द घातला होता.

असे नियतकालिक सुरू करावयाचे म्हणजे काय करावे लागते? छापखाना व कागद हा त्यातला सोपा भाग. खरे काम संपादकाचे. आलेल्या प्रत्येक लेखास त्याला काही रूक्ष प्रश्न विचारावे लागतात. नमुना कोणी गोळा केला? कोणत्या तारखेस? कोणत्या गावाजवळ, किती उंचीवर? तो आज कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे? 'पुण्याजवळ' एवढे उत्तर त्यास चालत नाही, कारण पुण्याच्या पश्चिमेस मुळशीकडे धो धो पाऊस आणि पूर्वेस काही मैलांवर माळरान. या दोहोंतील झाडेझुडपे अगदी भिन्न. लेख मग त्या विषयातील जाणत्यांकडे तपासणीस जातो, आणि अनेकदा लेखकाचे मन मोडून परतही येतो. छापलेले अंक देशोदेशींच्या संस्थांना पाठवून त्यांचे अंक मोबदल्यात घेण्याची प्रथा होती. गरीब संस्थांची ग्रंथालये अशा देवघेवीनेच उभी राहिली.

पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे मराठी मासिक १९२८ पासून निघू लागले होते. तथापि त्याचे कार्य निराळे होते. शास्त्राला जे कळले ते सामान्य वाचकास सुबोध भाषेत सांगावे, हा त्याचा हेतू. जे अजून कोणासच कळलेले नाही त्याची पहिली नोंद करण्यास दुसऱ्या प्रकारचे नियतकालिक लागते. कलकत्ता विश्वविद्यालयातून निवृत्त झाल्यावर आघारकर पुण्यास आले आणि १९४६ साली त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधनसंस्था स्थापन केली. १९६० साली ते निवर्तले. संस्थेने १९७५ मध्ये 'बायोविज्ञानम्' हे जीवशास्त्राचे नियतकालिक सुरू केले, आणि १९९२ मध्ये संशोधनकेंद्रास आघारकरांचे नाव देण्यात आले. योगायोग असा की, हे केंद्र ज्या रस्त्यावर आहे त्यास समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव आहे. त्यामुळे आगरकर व आघारकर यांची गल्लत पुष्कळांकडून होते. पुढे १९७९ पासून भारतीय भूगोलतज्ज्ञांच्या पुण्यातील संस्थेनेही स्वतःचे संशोधनपत्र काढले.

याच विज्ञानवर्धिनीतील वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्यासह सह्याद्रीतील देवरायांचा शोध घेतला. देवाच्या नावाने राखलेली ही वने गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. १९७६ साली त्यांच्यावरील लेख परदेशी शास्त्रीय नियतकालिकात आला, तेव्हा जगातील अभ्यासकांना ती ठाऊक झाली. एक उणीव मात्र येथे सांगितली पाहिजे. ही बहुतेक नियतकालिके इंग्रजीत निघतात. ज्या गुरवाने अभ्यासकास देवराईची वाट दाखविली, त्यास त्या राईवरचा लेख वाचता येत नाही.

इकडे कोयनेवर मोठे धरण झाले आणि १९६० नंतरच्या दशकात खोऱ्याचा बराच भाग शिवसागर जलाशयाखाली गेला. जेथे उन्हाळ्यात डोह उरत, तेथील कित्येक जागी आता बाराही महिने खोल पाणी असते. तेथे पूर्वी काय राहत होते आणि आज काय राहते, याचा मेळ घालू पाहणाऱ्या अभ्यासकास आधी ग्रंथालयात जाऊन १९१२ सालचे ते टिपण काढावे लागते. मग तो काचेची बाटली व वही घेऊन नदीवर जातो आणि त्या दिवसाची तारीख लिहून काढतो.